पासपोर्टच्या फोटोतली तीट

आमच्या घरात इंग्रजीतलं काहीही आलं की ते माझ्याकडं येतं. मिक्सरची माहितीपुस्तिका, बँकेचा मेसेज, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं. तुळजापूरच्या इंग्रजी शाळेत तुला उगाच घातलं नव्हतं, असं अप्पा म्हणतात. मी मुळात कमी बोलते, इंग्रजीत तर त्याहून कमी. पण वाचता-लिहिता येतं. त्यामुळं ताईचं लग्न ऑस्ट्रेलियातल्या मुलाशी झालं तेव्हा तिच्या व्हिसाचं काम न विचारताच माझ्याकडं आलं.

दाजी मूळचे सास्तूरचे. शिकायला म्हणून गेले, नोकरी तिकडंच लागली आणि पुढं तिथलं नागरिकत्वही मिळालं. लग्नापुरती रजा काढून आले आणि हळद उतरायच्या आत परत गेले. मागं राहिले आम्ही दोघी बहिणी आणि एक लांबलचक अर्ज. त्यात एके ठिकाणी विचारलं होतं की तुमचं नातं कसं जुळलं आणि कसं वाढत गेलं ते तुमच्या शब्दांत सविस्तर लिहा.

ताई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन तिला विचारलं, काय लिहू.

"लिही की, बघायला आले, पसंत पडले."

"आणि पुढं?"

"पुढं लग्न झालं."

अशा विषयावर आम्ही दोघी कधी बोललो नव्हतो. मलाही पुढं विचारायची लाज वाटत होती, म्हणून लॅपटॉप बाजूला ठेवून मीही शेंगा सोलायला घेतल्या. मग शेंगांकडंच बघत ती म्हणाली, की बघायला आले त्या दिवशी दाजी निघताना गडबडीत अप्पांच्या चपला घालून गेले होते. त्या परत कशा द्यायच्या हे विचारायला त्यांनी फोन केला आणि तो नेमका तिनं उचलला. चपला दोन दिवसांत परत आल्या, फोन मात्र चालू राहिले. हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मी ते सगळं जसंच्या तसं इंग्रजीत लिहिलं. अर्ज वाचणाऱ्या साहेबाला चपलांचं काय वाटलं असेल कुणास ठाऊक.

व्हिसाला वेळ लागला. मधे दाजी एकदा सुट्टीवर येऊन गेले आणि मग व्हिसाच्या आधी बाळच आलं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्या नळदुर्गात. दाजींना बारशालाही रजा मिळाली नाही. पाळण्यासमोर मी फोन धरून उभी होते आणि आत्याबाईंनी बाळाच्या कानात नाव सांगितलं ते त्यांनी फोनवर ऐकलं. बाळाला त्यांनी अजून एकदाही उचलून घेतलं नव्हतं.

बाळाला दात येऊ लागले तेव्हा ताईचा व्हिसा आला. सोबत अट होती. दिवाळीच्या आधीच्या एका तारखेपर्यंत तिनं तिकडं पोचायचं, नाहीतर व्हिसा गेला. बाळाचा बाप तिथला नागरिक, म्हणून बाळालाही ते नागरिकत्व मिळणार होतं. पण आधी त्याचा अर्ज, मग पासपोर्ट, मग विमान. तारीख गाठता आली नाही तर ताईपुढं दोनच वाटा होत्या. अंगावर पिणाऱ्या बाळाला आमच्याजवळ ठेवून एकटीनं जायचं, नाहीतर हाती आलेला व्हिसा सोडून द्यायचा. दोन्हीतलं काही बोललं की ती उठून स्वयंपाकघरात जायची.

नागरिकत्वाचं काम मात्र सुरळीत झालं. आलेला कागद अप्पांनी चष्मा लावून उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, पोरगं नळदुर्गात जन्मलं, अजून किल्ला बघितला नाही आणि बसल्या जागी परदेशी झालं. त्या दिवशी त्याला सगळे 'साहेब' म्हणत होते. साहेब झबलं चोखत होते.

गाडी अडली ती पासपोर्टच्या फोटोवर. मी नियम सगळ्यांना मराठीत वाचून दाखवले. मागं पांढरं, डोळे उघडे, कुणाचा हात दिसायला नको, चेहऱ्यावर काही नको. आई "व्हय, व्हय" म्हणाली. पण तिनं ऐकलं ते हात आणि डोळे एवढंच असावं, कारण बसस्टँडजवळच्या स्टुडिओत पोचलो तेव्हा बाळाच्या गालावर मटकीएवढी काळी तीट होती.

काजळ आई घरीच धरते, एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली उपडी ठेवून. दुकानातलं तिला चालत नाही. ते काजळ इतकं चिकट असतं की रुमालानं पुसलं तर गालभर पसरतं. मी ओल्या रुमालानं पुसलं, ताईनं पदरानं पुसलं, कसाबसा गाल मोकळा झाला. मग मी पांढरी चादर नीट करायला वळले. परत बघते तर तीट पुन्हा जागेवर. डबी आईच्या पिशवीतच होती. एवढ्यात बाळानं कॅमेऱ्याकडं बघून छान डोळे उघडले आणि स्टुडिओवाल्या काकांनी फोटो काढूनही टाकला.

फोटो आधी ईमेलनं तपासून घ्यायची सोय होती. तो परत आला. चेहऱ्यावर डाग आहे, असं सभ्य भाषेत लिहिलं होतं.

स्टुडिओवाले काका म्हणाले, एवढ्यासाठी लेकराला परत कशाला आणता, कॉम्प्युटरवर काढून टाकतो. त्यांनी तीट काढली आणि वर्षानुवर्षं लग्नाच्या मुलामुलींचे फोटो केलेला हात तिथंच थांबला नाही. बाळ गोरंपान झालं, ओठ गुलाबी झाले, भुवयासुद्धा कोरल्यासारख्या दिसू लागल्या.

"हा कुणाचा गं?" ताईनं विचारलं.

मी फोटो दाजींना पाठवला आणि खाली लिहिलं की हा त्याच्यासारखा दिसत नाही. दाजींचं लगेच उत्तर आलं, की मस्त आलाय, पाठवून टाक. त्यांनी बाळ पाहिलं होतं ते फक्त पडद्यावर, कधी अंधारात, कधी नेट अडकून चौकोन चौकोन झालेलं. त्यांना कसं कळणार. ताईला मी ते उत्तर दाखवलं नाही, फोटो पाठवून दिला. तोही परत आला. फोटोत बदल केलेला चालत नाही.

आता तारखेला थोडेच दिवस उरले होते. तिसऱ्यांदा जायच्या सकाळी आई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, डबी उघडी, बोट काजळात. ताई आंघोळीला गेली होती. घरात सहसा मी काही सांगत नाही, सांगणारे पुष्कळ आहेत. त्या दिवशी मात्र आईसमोर जाऊन बसले.

"आई, आज लावू नको."

"बसस्टँडवर किती माणसं बघतेत त्याला. आन् पुढं त्या विमानात. तिथं मीठ-मोहऱ्या कोण ओवाळणारंय?"

"फोटो परत आला तर ताईला एकटीला जावं लागेल. बाळ इथंच राहील."

आईचं बोट थांबलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, ते मला दिसलं. बाळ इथंच राहील, हे वाक्य तिला क्षणभर गोड लागलं असणार. लागलं तर त्यात चूक काय. रात्रंदिवस तिच्याच अंगाखांद्यावर असायचं ते. तिनं बाळाकडं पाहिलं. ते तिच्या बांगड्या ओढून तोंडात घालायला बघत होतं.

"अजून दूध पितंय की ते," ती म्हणाली. "आन् बापानं हातात बी घेतलं न्हाय."

मग तिनं खोबरेल तेल मागितलं. डोळ्यांच्या कडांतलं आदल्या दिवशीचं काजळसुद्धा तिनं स्वतः कापसानं टिपून काढलं. गाल असा स्वच्छ झाला की बाळ मला थोडं अनोळखीच वाटलं. मी निघायची तयारी करणार, तेवढ्यात तिचं बोट पुन्हा डबीत गेलं. आईनं बाळाचा उजवा पाय उचलला आणि तळव्यावर चांगली ठसठशीत तीट लावली.

"फोटोत पाय येतेत का?"

"न्हाय," मी म्हणाले. तिच्याशी बोलताना मी सहसा तिच्यासारखं बोलत नाही.

वर तिनं पायमोजा चढवला. स्टुडिओत काकांना ताईनं आधीच बजावलं, की कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. त्यांना ते थोडं लागलं, पण फोटो एकदम चांगला आला. सावळं, टक्कल पडत आलेलं, जरा चिडलेलं आमचं बाळ. फोटो मंजूर झाला, पासपोर्ट तारखेच्या आत आला आणि एका सकाळी हायवेवरून दोघांना घेऊन गाडी हैदराबादच्या दिशेनं गेली. अप्पा विमानतळापर्यंत गेले. आई दारातच थांबली. डबी तिनं ताईच्या पर्समध्ये घातली होती आणि विमानात काजळ नेता येतं का, हे त्याआधी मला तीनदा विचारून घेतलं होतं.

तिथं पोचल्यावर त्यांचा व्हिडिओ कॉल आला. दाजींनी बाळाला कडेवर घेतलं होतं, जरा अवघडून, नवीन भांडं धरावं तसं. बाळ त्यांचा चष्मा ओढत होतं. सगळे एकदम बोलत होते. आई मात्र बाळाचा चेहरा निरखत होती. गाल कोरा, कपाळ कोरं. मला वाटलं आता हिचं काही खरं नाही.

तेवढ्यात दाजींनीच बाळाचा पाय वर करून कॅमेऱ्यासमोर धरला. तळव्यावर तीट होती, वाकडी, अर्धी अंगठ्यापर्यंत पसरलेली.

"मी नाही लावली," मागून ताई म्हणाली. "ह्यांनी लावली."

आईनं फोन माझ्या हातातून घेतला, जवळ धरून नीट पाहिलं आणि पहिल्यांदाच बोलली.

"जावईबापू, जरा बारीक लावत जावा. पाय हाय त्यो, भिंत न्हाय."