रहीमभाईच्या बोटीचं इंजन

इंजनाखाली तेल साचते ना, तसे किस्से साचत जातात. संध्याकाळी पुसा, सकाळी पुन्हा चिकट!

लय इंजनं खोलली मी, पन सगळ्यात जास्त खोललं ते रहीमभाईच्या बोटीचं. धरनाच्या पान्यात आमच्या गावाचा रस्ता गेला, तवापासून पलीकडं जायले तेवढी एकच बोट. तिच्यात वावरातल्या पंपाचं जुनं डिझेल इंजन बसवेल. रहीमभाईच्या बायकोले, आमच्या जैबुनभाभीले, हप्त्यातून दोनदा त्याच बोटीनं पलीकडं अन् मंग जीपनं बुलडाण्याले डायलिसिसले न्या लागे. इंजन बंद, तं भाभीचं रगत साफ होनं बंद!

*

एकदा मस्करीत मी डिझेलचा कॉक गुपचूप बंद करून ठेवला. रहीमभाई हँडल मारू मारू घामाघूम! लोकं हासून राह्यले. मी बी तोंड पाडून म्हनतो, "काऊन बे, रुसलं काय?"

भाभीनं मायाकडं पाह्यलं. हळूच म्हने, "मिस्तरी, कॉक खोल दो. मेरे पास मस्करी का टाइम कम है."

मी वाकून कॉक खोलला.

*

एकदा मधातच फट् फट् करून बंद. बोटीत शाळेचे गुरुजी. "काय झालं हो?"

"पाइपात हवा शिरली."

"मग आणखी भरायची का काढायची?"

मी फिल्टरचा नट ढिला केला, बुडबुडे काढले, निव्वळ डिझेल आलं तसा नट कसला. म्हनलं, "इंजनातली निंघाली गुरुजी. तुमच्यातली सांगा!"

भाभी पदरात तोंड घालून हासली.

*

एकदा इंजन असं तापलं का हात लावता येईना. धरनातलं थंड पानी ओढनाऱ्या पाइपात मी हात घातला, तं हातभर धोतर निंघालं! आमच्या गावातल्या तुकारामचं. तेराव्याले पोरानं त्याचे कपडे धरनात सोडले होते.

रहीमभाई म्हने, "जिंदा था तब भी 'रुको, रुको' करके बोट रोकता था. मरके भी वोच धंदा!"

*

पावसाळ्यात डिझेलमंदी पानी गेलं. फळ्यायनं बोट वल्हवत काठाले लागलो, तं जीप निंघून गेलेली. भाभीचं डायलिसिस हुकलं.

दोन दिवसानं भाभी अनवानी आली. मायं तोंड काही बंद राहते? "भाभी, चप्पल कुठं इसरल्या?"

"आती नई, मिस्तरी. पाँव बडे हो गए. मैं बडी आदमी हो गई!"

पाय असे सुजेल का बोटं दिसेनात. त्या दिवशी मी टाकी उतरवली, तीनदा धुतली.

*

मंग सारा हिवाळा इंजन एकदाबी बंद पडलं नाही. भाभीच गेली. बुलडाण्याले, दवाखान्यात.

बोटीनंच आनलं तिले. भर दुपार. आमच्या काठावर सारं गाव उभं, कबर खोदून तयार. अन् बरोबर मधात फट् फट् करून इंजन बंद!

हवाच होती. दोन मिन्टाचं काम. काठावरून लोकं हाका मारून राह्यले, "काय झालं होऽऽ?" मी पाना उचलला.

रहीमभाई चादरीवर हात ठेवून बसेल होता. म्हने, "रहने दो, मिस्तरी. अब काहे की जल्दी?"