चौदा नंबर, एक्केचाळीस पावलं

बाबांच्या बूट शिवायच्या दुकानात भिंतीवर एक्केचाळीस लाकडी साचे होते. गिऱ्हाइकागणिक एक. डावीकडे सगळ्यांत लहान पाऊल, उजवीकडे सगळ्यांत मोठं. दोन माणसांचं माप तंतोतंत सारखं नसतंच, असं बाबांचं म्हणणं. ज्याला पटत नसे, त्याला ते मिलिमीटरची पट्टी दाखवत.

गुडघ्यांनी संप पुकारला आणि दुकान आवरून लेकीकडे राहायला जायचं ठरलं. तिच्याकडे एकच फळी मोकळी होती.

लेक पोटासाठी प्रोग्रॅम लिहायची. तिने नावं आणि मापं संगणकात घातली. यादी आपली आपण चढत्या क्रमाने लागली. मग प्रत्येक मापाचा बुटाचा नंबर करायला सांगितलं. नवी यादी आली, तीही क्रमाने.

"चौदा," ती म्हणाली. "फळीवर बसतात. नंबराला एक साचा ठेवू."

"घातले एक्केचाळीस होतेस ना?"

"एका नंबरात तिघंचौघं येतात, बाबा. ही यादी तीच गोष्ट दुसऱ्यांदा ठेवत नाही."

"आणि आधीची?"

"ती आहे तशीच. मूळ यादीला हात न लावता नवी होते."

"शहाणी पद्धत. तुझ्या आत्याला शिकव, ती जुनं मोडल्याशिवाय नवं करत नाही."

मग बाबांनी मधला एक साचा काढून बाहीने पुसला. अंगठ्यापाशी चामड्याचा तुकडा चिकटवलेला. तिथे आईला बूट लागायचा. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती.

"ही कितीत?"

"सदतीस."

"टपालवाल्या बाईपण सदतीसच. मग यानं ठेवलं कोणाला?"

लेकीने पडद्याकडे पाहिलं. "कोणालाच नाही. नुसता सदतीस."

"असू दे चौदा," बाबा म्हणाले. "मी आता शिवतोय कुठे?" साचा मात्र हातातच राहिला.

तिने एक ओळ बदलली: मापाचा नुसता नंबर नको, नंबर आणि पाऊल कोणाचं, ही जोडी कर. एक्केचाळीस आले. सदतीसमध्ये टपालवाल्या बाई, त्यांच्या शेजारी आई.

"फळीचं काय?"

"दुसऱ्या फळीवरची पुस्तकं उतरवते. वाचून झालेली."

"म्हणजे दोनच पुस्तकं."

तिने सगळीच उतरवली. रविवारी ती यादीप्रमाणे साचे लावत सदतीसपाशी आली, तेव्हा बाबा खुर्चीवरून म्हणाले, "त्या दोघींचं कधी पटलं नाही हं."

लेकीने मध्ये बोटभर जागा सोडली.