ज्याचं त्याच्यापाशी

"हात लावायच्या आधी इचारा, हे कोणाच्या भरवशावर चालून राह्यलं?" आमच्या डोणगावच्या धान्य-गोदामातल्या संगणकाचं सारं पाहणारी ताई कुठल्याही मशीनपुढे बसली की हे म्हणायची आणि पदरानं चष्मा पुसायची.

तुमच्याही कामाच्या जागी असं एखादं माणूस असेल, ज्याच्यावाचून पान हलत नाही. मी काट्यावर होतो. ट्रॅक्टरचं वजन माझ्याकडून तिच्या सर्व्हरवर जायचं. सर्व्हर बसला की माझा काटा म्हणजे नुसतं लोखंड.

एकदा मी विचारलं, "ताई, तुमच्या तोंडी सारखं असतं ते स्टॅटिक-डायनॅमिक काय भानगड आहे?"

तिनं थेट लग्नाची भांडी काढली. "फाइल दाखवणं, हलवणं, नक्कल करणं, हे साधे हुकूम हायत नं भाऊ, ते सारे एकाच लायब्ररीवर, म्हंजे एका सामाईक फाइलीवर, जगतात. हे डायनॅमिक. समाजमंदिरातल्या भांड्यावानी. सारं गाव तेच गंज-पातेले नेते. एकदा कल्हई केली की साऱ्याइचं भागलं. पण त्या खोलीची किल्ली हारपली तं कोणाच्याच घरी भात शिजत नाई."

"आणि स्टॅटिक?"

"ज्याचं त्याच्यापाशी. घर भरते, कल्हई आपली आपल्याले करा लागते. पण अडत नाई."

म्हणून त्याच साध्या हुकमांचा एक स्टॅटिक संच तिनं स्वतः बांधून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवला होता. तेच ते दोनदा कशाला, म्हणून मालक कुरकुरायचे. पण बाई हट्टी. लायब्ररीत काही दुरुस्ती आली की हाही संच नव्यानं बांधत बसायची. खरं सांगू, मला ते खूळ वाटायचं.

यंदा मात्र तिचं काहीतरी बिनसलं. चहा पिऊन कप खाली ठेवायची आणि विचारायची, "चहा नाई आला काय अजून?" माझं नाव तिच्या जिभेवर येईना. तिलाही ते कळत होतं. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊ, मालकाले सांगू नको. हे काम गेलं तं मी घरात बसून काय करू?" मी कोणाला सांगितलं नाही.

सोयाबीनच्या ऐन हंगामात तिनं नवी लायब्ररी बसवायला घेतली. नवी जागेवर ठेवायच्या आधीच जुनी उचलून दुसरीकडे हलवली. झालं, सगळं ठप्प. परत आणायला हलवण्याचा हुकूम दिला, तर त्यालाही तीच लायब्ररी हवी. पडद्यावर आधीपासून उघडी असलेली, हुकूम टाइप करायची एक खिडकी तेवढी जिवंत होती. बाहेर ट्रॅक्टरांची रांग लागली, लोक हॉर्न वाजवायला लागले.

"ताई, तुमचा तो संच," मी म्हणालो.

"कोणता संच?"

मला वाटलं, थट्टा करतेय. मग तिचे डोळे पाहिले.

"तुमची स्वतःची भांडी, ताई. समाजमंदिरातली नव्हे."

तिनं कीबोर्डवर हात ठेवले आणि काढून घेतले. फोल्डरचं नाव मला ठाऊक होतं, तिनंच कितीदा तरी सांगितलेलं. मी सांगत गेलो, ती टाइप करत गेली. तिच्याच संचातल्या हुकमानं लायब्ररी जागेवर आली, काटा सुरू झाला. मी हसलो. ती हसली नाही.

रांग ओसरल्यावर तिनं मला हाक मारली. "सर्व्हरचा पासवर्ड बदलून टाक भाऊ, मले सांगू नको. मालकाले मीच सांगीन."

"अहो ताई, आज निभावलं की."

"आज तू होता. मीच बांधलेला संच, अन् मलेच आठवला नाई. उद्या काय मोडीन, कोणाले ठाव?"

मी नाही म्हणालो, भांडलो, शेवटी रडकुंडीला आलो. तिनं खुर्ची माझ्याकडे सरकवली.

आता ती उंद्रीला भावाकडे असते. अजूनही त्या सर्व्हरपुढे बसलो की मला तो दिवस आठवतो आणि नकोसं होतं. दुसरं कोणी पासवर्ड टाकत असताना तिकडे बघायचं नाही, हा तिचाच दंडक. त्या दिवशी मी नवा पासवर्ड टाकायला लागलो, तेव्हा ती बाजूला झाली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.