पिस्तूल उघडणारे भावसिंगकाका

भावसिंगकाकांनी कुणाच्या हातातून पिस्तूल कधी घेतलं नाही. समोरच्याने ते टेबलावर ठेवायचं, गोळ्यांचं मॅगझिन बाहेर काढायचं, वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे ओढून अडकवायची. मग काका पुढे यायचे आणि आत गोळी राहिलेली नाही ना, हे करंगळी घालून पाहायचे. दोनच मिनिटांपूर्वी स्वतः तपासलेलं असलं तरी पुन्हा करंगळी. पहिल्या दिवशी मला हसू आलं, ते त्यांनी पाहिलं.

"डोये फसवते बेटा," ते म्हणाले. "बोट नाई फसवत."

यवतमाळला आमचा नेमबाजीचा छोटा क्लब होता. काका सैन्यात हत्यारं दुरुस्त करायचे. निवृत्तीनंतर आर्णीजवळच्या आपल्या तांड्यावर शेती करत आणि शनिवार-रविवार एसटीने क्लबात येत. पांढरी मिशी, इस्त्रीचा शर्ट आणि हातात जुना टूथब्रश. त्या ब्रशने ते क्लबाचं पॉइंट टू-टूचं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल घासायचे. तेल मात्र थेंबभर. कुणी जास्त घातलं की म्हणायचे, "पिस्तूल हाय, वांग्याची भाजी नाई. तेलावर धूर बसते अन् त्याचा चिखल होते."

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, नेरहून यवतमाळला कॉलेजसाठी आलेली. नेमबाजीबद्दल मोबाइलवर वाचून वाचून मला सगळं कळतं असं वाटायचं. मोठे खेळाडू कोणत्या परदेशी गोळ्या वापरतात हे मी काकांना ऐकवलं आणि त्याच हव्यात म्हणून हट्ट धरला. काकांनी वाद घातला नाही. चार वेगवेगळे बॉक्स आणले, वाळूच्या पिशवीवर हात टेकवायला लावला आणि प्रत्येक बॉक्समधल्या पाच-पाच गोळ्या वेगळ्या कागदावर झाडायला सांगितल्या. माझ्या लाडक्या महाग गोळ्यांची भोकं कागदभर पांगली होती. एका साध्या बॉक्सची पाचही भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली.

"गोळी माणसानं नाई निवडायची," काका म्हणाले. "ज्याले खायची हाय त्याले इचारायचं. याले हे पचते."

नेम धरायच्या साइटचंही तसंच. नळीच्या टोकावरची उभी पट्टी, तिला काका माशी म्हणत, मागच्या खाचेत मधोमध दिसायला हवी. मला ती खाच पट्टीने गच्च भरलेली दिसायची, बाजूला उजेडाची फटही नाही, आणि नेम कधी डावीकडे, कधी उजवीकडे जायचा. मला वाटलं, काका लगेच पट्टी बदलून देतील. त्यांनी दोन आठवडे मला रिकामं पिस्तूल घेऊन पांढऱ्या भिंतीसमोर उभं केलं. दर थोड्या वेळाने विचारायचे, "दोन्हीकून उजेड किती?" मी खरं सांगते आहे याची खात्री पटल्यावरच त्यांनी अरुंद माशी बसवली. म्हणाले, "आता माशीवरच नजर ठेव. निशाण पुसट दिसलं तं दिसू दे."

त्या वर्षी राज्य स्पर्धेतून राज्याच्या संघात माझी निवड व्हायला हवी होती. स्पर्धेच्या आधीच्या रविवारी काकांनी पिस्तुलाची, मागे गेलेली स्लाइड पुढे ढकलणारी स्प्रिंग बदलली. स्पर्धेत, मी अगदी भरात असताना, रिकामं काडतूस स्लाइडमध्ये अडकलं. थोड्या वेळाने पुन्हा अडकलं. पुन्हा झाडायची संधी मिळाली, पण तुटलेली लय परत आली नाही. दोन गुणांनी निवड हुकली. घरी बाबांनी शांतपणे सांगितलं, "झालं ना आता? बी.एड.चा फॉर्म भर. हा खेळ आपल्यासाठी नाही." मीही होकारार्थी मान हलवली.

क्लबात सगळे गोळ्यांना दोष देत होते. स्वस्त गोळ्या, दुसरं काय.  काकांनी पिस्तूल उघडलं, जुनी स्प्रिंग पुन्हा घातली, त्याच बॉक्समधल्या गोळ्या झाडल्या. एकही अडकली नाही. मग सगळ्यांना टेबलाभोवती बोलावून त्यांनी सांगितलं, "गोळी चांगली हाय. नवी स्प्रिंग कडक निंघाली, म्हणून स्लाइड पुरी मागं येत नोती. मी दहा गोळ्या झाडून पाह्यल्या अन् झालं म्हनलं. शंभर झाडाले पायजे होत्या. चूक माही हाय."

तेवढ्यावर विषय संपला असं मला वाटलं. पुढच्या मंगळवारी मी नेरला घरी होते. दारात काका उभे होते, इस्त्रीचा शर्ट घामाने भिजलेला. आर्णीहून यवतमाळ, यवतमाळहून नेर, दोन एसट्या बदलून आले होते. बाबांनी खुर्ची दिली. पाणी पिण्याआधीच काका बोलू लागले.

"तुमची पोरगी हरली नाई, सर. मी हरवलं तिले." आणि स्प्रिंगची सगळी हकिकत त्यांनी बाबांना सांगितली, एकही शब्द मऊ न करता.

बाबा अवघडले. "अहो, एवढ्यासाठी इतक्या दूर कशाला आलात? फोन करायचा."

"फोनवर तुमी 'जाऊ द्या' म्हनलं असतं," काका म्हणाले. "मले जाऊ द्यायचं नोतं. एक वर्ष द्या तिले. मंग तुमी म्हनान तसं."

बाबांनी पाण्याचा पेला काकांपुढे सरकवला. मग आईला म्हणाले, "पान वाढ. जेवून जातील." मला वर्ष मिळालं, ते त्या जेवणात. पुढच्या वर्षी राज्याच्या संघात माझं नाव आलं, तेव्हा बाबांनी पहिला फोन काकांना केला.

त्यानंतर चारेक वर्षांनी एका शनिवारी काकांनी शस्त्रकपाटाची किल्ली क्लबाच्या सेक्रेटरींच्या हाती दिली. आम्ही सगळे चकित झालो. काकांनी उजवा हात टेबलावर ठेवला. नीट पाहिलं तेव्हा कुठे बोटांची बारीक थरथर दिसली. "तुमाले दिसाच्या आंधी मले दिसलं पायजे ना," ते म्हणाले. त्यांनी सत्कार घेतला नाही. दुपारच्या गाडीने गेले.

आता क्लबातल्या मुलींना मी शिकवते. मागच्या थंडीत तांड्यावर गेले होते. काका अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होते, कापत्या हाताने पण घाई न करता. काकूंनी चहा आणला. मी म्हटलं, "काका, काही करू नका, फक्त येऊन खुर्चीवर बसा. मुलींना धीर येईल."

ते शेंग सोलायचे थांबले.

"मी बसलो तं पोरी माह्याकडं पाहतीन," ते म्हणाले. "तुह्याकडं पाहू दे त्याईले."

मला सोडायला ते रस्त्यापर्यंत आले. गाडी यायला अर्धा तास होता. आम्ही बाभळीच्या सावलीत उभे राहिलो आणि ते मला त्या वर्षीच्या कापसाबद्दल सांगत राहिले. उन्हाळ्यात ते गेले. निरोप आला तेव्हा मी क्लबाच्या नेमबाजीच्या रेंजवर होते. त्या दिवशी मी मुलींना लवकर घरी पाठवलं नाही. सगळ्यांची पिस्तुलं साफ होईपर्यंत थांबले, मग आर्णीची गाडी धरली.