शिवणाच्या बाई

“शिवणाच्या बाई का?” फोनवर मुलीचा आवाज होता. “आई गेली... मागच्या गुरुवारी.”

शिवणाच्या बाई म्हणजे मी. मला साधं बटणही नीट लावता येत नाही. चाकणजवळच्या एका केंद्रात मी एचआयव्हीच्या रुग्णांची समुपदेशक आहे. गोळ्यांची तारीख चुकली की फोन करायचा, आणि घरातल्या दुसऱ्या कुणी उचलला तर काय सांगायचं ते रुग्णानंच ठरवायचं, अशी आमची पद्धत. या मुलीच्या आईनं, मंदानं (नाव आणि ओळख पटेल असं बरंच बदललं आहे) शिवणाचा क्लास ठरवला होता. नवरा याच आजारानं गेलेला, पण गावाला कावीळ सांगितलेली. एकुलत्या एका लेकीला, पूजाला, लागण नव्हती. “तिचं लगीन होईस्तोवर कुणाला कळाया नगं, मॅडम. मी मेले तरी.”

एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये ती कंत्राटावर पोळ्या लाटायची. दहा वर्षांत तिनं गोळी चुकवली नाही. बाहेर भेटलो तर ओळख दाखवायची नाही, हा आमचा नियम. एकदा बाजारात एकाच हातगाडीपाशी गाठ पडली, तर माझ्याकडे न बघता भाजीवाल्याला म्हणते, “ह्या ताईंना वांगी नीट निवडून द्या, त्यांना कळत न्हाई.” मला फार आवडायची ती.

गेल्या वर्षी ठेकेदार बदलला. एक खाडा झाला की काम गेलं. मी फोन करायचे, ती “पुढच्या आठवड्यात येते” म्हणायची, आणि मी वहीत तेच उतरवायचे. शेवटी आली ती खोकतच. तेव्हा आमच्याकडे उपचार मध्येच का सुटतात याचा अभ्यास चालू होता. फॉर्म पुढे ओढून मी विचारलं, “गोळ्या का सोडल्या?”

“सुट्टी न्हाई.”

छापील कारणांत ते नव्हतंच. मी ‘इतर’वर खूण केली आणि पुढचा प्रश्न विचारला... त्या खुणेची मला आजही लाज वाटते. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पण टीबी पुढे निघून गेला होता.

“बाई, आईनं क्लासात शिवलेलं काय असंल तर द्याल?” पूजा विचारत होती. “घरात तिच्या हातचं एकबी न्हाई. बाईंकडं ठेवते म्हणायची.”

“आहे,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

दहाव्याला जाणं शक्य नव्हतं. त्या गावात एचआयव्हीच्या तपासणी शिबिरात मी माइकवर बोललेली, मला बघितलं असतं तर गावानं बरोबर ओळखलं असतं. शेजारणीच्या मशीनवर तीन संध्याकाळी बसून मी एक पिशवी शिवली, उसवली, पुन्हा शिवली आणि कुरिअरनं पाठवली.

परवा पूजाचा फोन आला.

“मिळाली, बाई. टीप समदी तिरकी हाय. आईचीच हाय, लगेच ओळखली मी.” मग म्हणाली, “लगीन ठरलंय माझं. सासरी नेऊ ना ही?”

“ने,” मी म्हटलं.