लुआरकाठचे लिंबूटिंबू

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी युद्धखेळ शिकू लागलो. अमेरिकेतल्या शॉमबर्गमध्ये, एका नागपूरच्या सहकाऱ्याच्या तळघरात, दर शनिवारी दुपारी टेबलावर बोटाएवढे धातूचे सैनिक मांडून जुन्या लढाया पुन्हा लढल्या जात. माझ्याकडे सांडलेले फासे उचलण्याचे काम होते. "काका आपले लिंबूटिंबू," यजमान म्हणत. लहानपणी आम्हीही धाकट्या भावंडांना असेच खेळात घेत असू; त्यांनी धावायचे, पण त्यांना बाद करायचे नाही. ती सवलत मला टोचत असे. बोलून मात्र दाखवले नाही.

एका शनिवारी एक खेळाडू आला नाही आणि मला प्रथमच फौज मिळाली. लढाई फ्रेंच राज्यक्रांतीतली होती. राजाच्या बाजूने उठलेले शेतकरी लुआर नदीकडे पळत होते. प्रजासत्ताकाचे सैन्य, म्हणजे मी, त्यांच्या मागावर होतो. बंडखोरांची फौज यजमानांच्या दहा वर्षांच्या मुलीकडे होती. त्यांच्या पाठोपाठ त्यांची बायकामुले चालत. त्या चौदा बाहुल्या तिने स्वतः रंगवल्या होत्या. झग्यांना आजीच्या लुगड्यासारखे हिरवे काठ काढले होते.

"काका, ही सगळी लिंबूटिंबू हं. दे कान्ट बी आउट."

"बरं," मी म्हणालो.

तासाभरात तिची आघाडी मोडली. बायकामुलांची रांग उघडी पडली, नेमकी माझ्या तोफांपुढे.

"नियमात त्यांचेही गुण मिळतात, काका," यजमान हसले. "पण जाऊ द्या यार, तुमच्यानं नाही व्हायचं."

मी फासा टाकला. मग पुन्हा टाकला.

"काका, यू सेड बरं!"

"इतिहासातही असेच झाले, बेटा," मी शांतपणे समजावले. माझे शिक्षण त्या क्षणी मला फार उपयोगी पडले. मी एकेक बाहुली उचलून डब्यात टाकत गेलो. शेवटचीचा रंग अजून ओला होता. तो अंगठ्याला लागला. यजमानांनी पाठ थोपटली. "काका, मानलं!" मला आनंद झाला होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

पुढच्या शनिवारी फळ्यावर सेनापतींच्या यादीत माझे नाव होते. मुलगी खेळायला बसली नाही. वडिलांनी तिला फासे उचलायला सांगितले. तिने ते गोळा केले आणि माझ्या पसरलेल्या हातात न देता टेबलाच्या कडेला ठेवले.

"युवर टर्न, काका."