चार वाजताची चौकशी

जगात बुद्धिबळ खेळणारी माणसं पुष्कळ असतील, पण खेळून झालेल्या डावाची रीतसर चौकशी लावणारा माणूस एकच आहे, आणि ते आमच्या अक्काचे सासरे आहेत. खेळ त्यांच्या लेखी गौण. डाव अर्ध्या तासात संपतो. चौकशी दीड तास चालते, ती फोनवर चालते, आणि चिटगुप्प्यात त्यांच्या घरी ती सुरू झाली की आज हत्ती कुठे अडकला होता हे सगळ्या गल्लीला घरबसल्या कळतं. मामंजींचा आवाज मुळात फोनसाठी घडलेलाच नाही. (अक्का त्यांना मामंजी म्हणते म्हणून आम्हीही मामंजीच म्हणतो.) उभी नोकरी त्यांनी बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून केली. कुठली बस कुठल्या फलाटाला लागली, हे मराठी, कानडी आणि दखनी अशा तीन भाषांत ओरडून सांगण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर स्टँडचा लाऊडस्पीकर स्टँडवरच राहिला, पण घरात त्याची उणीव आजवर कुणाला जाणवलेली नाही.

बुद्धिबळाकडेही ते कंट्रोलरच्याच नजरेनं बघतात. हत्ती म्हणजे एक्सप्रेस, सरळ जायचं, मध्ये थांबायचं नाही. प्यादी म्हणजे शटल. उंट तिरका जातो, म्हणून तो ‘व्हाया हुमनाबाद’. घोड्यावर मात्र त्यांचा मनापासून राग आहे. ‘‘त्यो घोडा न्हाई, खासगी जीप हाय. परमिट न्हाई, रूट न्हाई, कुठनं बी घुसायलीय,’’ असं ते दर दोन दिवसांनी म्हणतात. नोकरीतल्या उरलेल्या लॉगशीटांचा एक गठ्ठा त्यांच्याकडे आहे आणि प्रत्येक डाव त्यावर उतरवला जातो. सुटण्याची चाल, पोचण्याची चाल, विलंबाचं कारण. एका कागदावर मी स्वतः वाचलंय : ‘‘वजीर. चौथ्या चालीला सुटला. पोचला नाही. कारण : वाटेत घोडा.’’ चौकशीची वेळ चारची, आणि ती देवासाठीसुद्धा चुकत नाही. एकदा सगळे गाणगापूरला दत्ताच्या दर्शनाला गेले होते. रांगेत चार वाजले. मामंजींनी तिथूनच फोन लावला आणि ‘‘हत्ती मेला कसा ते सांगा आधी, हत्ती मेला कसा!’’ अशी सुरुवात केली. पुढे सोलापूरकडच्या एक बाई उभ्या होत्या. त्यांनी हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून विचारलं, ‘‘देवस्थानचा होता का हो?’’ मामंजींनी त्यांना हातानंच थांबायला सांगितलं आणि चौकशी पुढे चालू ठेवली.

फोनच्या दुसऱ्या टोकाला हे सगळं ऐकून घेणारा माणूस म्हणजे आमचे अण्णा, माझे वडील. अण्णा कमठाण्यात राहतात. जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. माणूस अबोल, पण पटावर बसला की समोरच्याची खैर नाही. खात्याच्या स्पर्धेत त्यांनी भल्याभल्या डॉक्टरांना रडवलं होतं. अक्काच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मामंजी आमच्याकडे आले आणि त्यांनी पिशवीतून पट काढला, तेव्हा अण्णांचा चेहरा असा खुलला की लग्नात मांडवातसुद्धा खुलला नव्हता. नवव्या चालीला अण्णांनी हत्ती उचलला. पुढची चाल मात. तेवढ्यात आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि पाणी द्यायच्या निमित्तानं अण्णांच्या कानाशी पुटपुटली, ‘‘लेकीच्या सासऱ्याला मात द्यायलाव व्हय? लेक तिथं नांदायलीय, ध्यान हाय का?’’ अण्णांनी हत्ती होता तिथे ठेवला आणि वीस मिनिटांनी ते हरले. मुलीच्या बापानं व्याह्यापुढे नमतं घ्यायचं, ही आमच्याकडची रीत. जेवणाच्या पाटापासून सोफ्यावरच्या जागेपर्यंत ती पाळली जाते. पटावरही ती पाळायची असते हे अण्णांना त्या दिवशी कळलं, आणि तेव्हापासून आजतागायत ते मामंजींविरुद्ध एकदाही जिंकलेले नाहीत.

पूर्वी हे दिवाळी-दसऱ्याला एकदा हरून भागत होतं. मग सगळ्यांना घरात कोंडून बसायचे ते दिवस आले, दाजींनी दोघांच्याही मोबाइलमध्ये बुद्धिबळ घालून दिलं, आणि अण्णांवर रोज सकाळी अकरा वाजता हरायची वेळ आली. त्यांनी ते कामही मन लावून केलं. मामंजी खेळतात इतकं वाईट, की त्यांच्याकडून हरणं हे येरागबाळ्याचं काम नाही. लवकर हरलं तर शंका येणार, उशीर केला तर मामंजी आपणहून मात ओढवून घेणार. एकदा अण्णांनी वजीर उघड्यावर ठेवला आणि चार चाली वाट बघितली. मामंजी ‘‘ह्यात कायतरी गोम हाय’’ म्हणत त्याला वळसा घालून जात राहिले. शेवटी अण्णांनी बॅटरी संपली असं सांगून डाव सोडला. पुढे त्यांनी हिशेबच बसवला. पंचवीस चाली नीट खेळायचं, सव्विसाव्या चालीला चुकायचं, पण चूक अशी की मामंजींनाही दिसावी. मी एकदा विचारलं तर म्हणाले, ‘‘जनावराला गोळी चारायची तर गुळात घालून चारावी लागतीय. तसं ह्ये.’’ आणि चार वाजता हाच माणूस कानापासून हातभर लांब फोन धरून मुकाट ऐकत बसायचा, ‘‘इवाई, तुमास्नी डोस्कं हाय, पर शिस्त न्हाई. पंचवीस चालीपस्तोर गाडी टायमावर आणताव आन् मंग काय होतंय तुमास्नी?’’ आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात, आणि मामंजी ते इतक्या प्रेमानं म्हणतात की अण्णांना रागावताही येत नाही.

इतकी वर्षं बिनबोभाट चाललेलं हे सगळं मी बिघडवलं, माझ्या शहाणपणानं. कलबुर्गीच्या कॉलेजात मी चार वर्षं शिकवतेय, त्यामुळे कुणालाही काहीही न विचारता शिकवायची मला खोड लागली आहे. गेल्या उन्हाळ्यात अक्काकडे गेले होते. मामंजी लॉगशीट भरत बसले होते. मी म्हटलं, ‘‘मामंजी, एवढं लिहिता कशाला? मोबाइलमध्येच चौकशीचं बटण आहे.’’ आणि दाबून दाखवलं. कोणती चाल बरी, कोणती वाईट, हे यंत्र रंगानं दाखवतं. बऱ्या चालीला हिरवा ठिपका, घोडचुकीला लाल. पहिल्यांदा मामंजी खूश झाले, कारण अण्णांच्या सव्विसाव्या चालीला लालभडक ठिपका होता आणि यंत्राचं मत त्यांच्या मताशी जुळत होतं. मग त्यांना त्यांच्या स्वतःच्या चालींचे ठिपके दिसले. पहिल्यापासून शेवटपर्यंत लाल. त्यांनी आदल्या दिवशीचा डाव उघडला, मग त्याच्या आदला. अण्णांची बाजू प्रत्येक डावात हिरवीगार, आणि सव्विसाव्या चालीला एकच लाल ठिपका. मामंजींनी चष्मा काढून पुसला.

‘‘पोरी,’’ ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा हळू आवाज ऐकला, ‘‘रोज एकाच येळंला लेट येनारी बस लेट नसती. त्ये तिचं टायमटेबल असतंय.’’

मी काहीतरी सारवासारव करायला गेले. ते ऐकेनात. रागावले असते तर बरं झालं असतं, पण रागावलेही नाहीत. म्हणाले, ‘‘मान दिला त्यानी, कबूल. मानाबद्दल माजं म्हणणं न्हाई. पर एवढ्या वर्सांत एक तरी डाव मी जिंकला असंल का न्हाई? खरा? एकच. त्यो हुडकून दे. बास, मंग मी काय मागत न्हाई.’’ सत्तरी ओलांडलेला, आवाजानं गल्ली हलवणारा माणूस माझ्यापुढे मोबाइल धरून बसला होता आणि त्याला एक, फक्त एक खरा विजय हवा होता. मला त्यांची इतकी दया आली की मी माझ्या सुट्टीचे दोन दिवस त्यातच घातले. चौकशी पहिल्यापासूनच लागली पाहिजे, शेवटून सुरू करणं नियमाला धरून नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून आम्ही अगदी पहिल्या डावापासून निघालो आणि दर महिन्यातले दोन-तीन तपासत आलो. सव्विसावी चाल, लाल. सव्विसावी चाल, लाल. मध्ये एका डावात सत्ताविसावी निघाली तेव्हा मामंजी अर्धवट उठून उभे राहिले. पण तिथं अण्णा एक चाल जास्त खेळले होते ते मामंजींना समोर ठेवलेला मोहरा दिसला नव्हता म्हणून. मामंजी परत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही चालू महिन्यावर आलो आणि तो डाव सापडला. अकरा चालींत मामंजी जिंकलेले. अण्णांना सहाव्या चालीला लाल, आठव्याला लाल, नवव्याला लाल. कसलाही हिशेब नाही, कसलाही गूळ नाही. मामंजींच्या बाजूला तब्बल चार हिरवे ठिपके. ‘‘ह्यो खरा हाय न्हवं? बघ, बघ नीट!’’ मी नीट बघितलं. खरा होता. मग जे काय झालं ते स्टँडवर गणपतीतही झालं नसेल. त्यांनी अक्काला हाका मारून गव्हाची गोड हुग्गी करायला सांगितली, दाजींना दुकानातून बोलावलं, शेजारच्या अप्पांना कुंपणावरून तीनही भाषांत बातमी दिली. अक्कानं गहू भिजायला वेळ लागेल म्हटलं तर म्हणाले, रव्याची कर, पण कर.

अक्का आत रवा भाजत होती तोवर मामंजींनी पुढचे डाव उघडले, आणखी एखादा मिळतो का बघायला. मिळाला. त्याच्या दुसऱ्या दिवशीचाही तसाच होता. त्या एका महिन्यात चार डाव खरे निघाले. एकात अण्णांनी घोडा पुढे नेला, मागे आणला, पुन्हा पुढे नेला आणि पुन्हा मागे आणला. मधल्या वेळात हत्ती गेला. मामंजी त्या चालींवर बराच वेळ बोट ठेवून बसले. मग त्यांनी विचारलं, ‘‘पोरी, इवाई बरे हाईत न्हवं?’’ मी हो म्हणणार होते. पण मला त्याच आठवड्यातली गोष्ट आठवली. अण्णा बिदरहून घरी यायला निघाले आणि कमठाण्याची बस सोडून भालकीच्या बसमध्ये जाऊन बसले. कंडक्टरनं तिकीट काढताना उतरवलं. घरी येऊन त्यांनीच हसत हसत सांगितलं आणि आम्हीही हसण्यावारी नेलं. मी ते मामंजींना सांगितलं. ते हसले नाहीत. ‘‘चुकीच्या बशीत बसलेली मानसं मी लै बघितलीत. बोर्ड वाचून बी बसत्यात. त्यांच्यावर वरडायचं नसतंय. हाताला धरून आपल्या फलाटाला आनायचं असतंय.’’ अक्कानं हुग्गी आणून ठेवली. त्यांनी वाटी हातात घेतली, पण खाल्ली नाही, आणि तो डाव खरा धरायचा की नाही हे त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. अण्णांच्या डोक्यात काय चाललंय ते आम्हा पोटच्या पोरींच्या आधी ह्या माणसाला कळलं, याची मला आजही लाज वाटते.

आता मामंजी हरायचं ठरवून खेळतात, आणि ते त्यांना मुळीच जमत नाही. साधं खेळायला बसले की जन्मात चांगली चाल पडत नाही, पण मुद्दाम वाईट खेळायला गेले की हटकून चांगली पडते. पहिल्या आठवड्यात ते तीनदा चुकून जिंकले. मला कलबुर्गीला फोन करून म्हणाले, ‘‘हरायचं कसं, तेवढं शिकीव बाई. तुज्या बापाला इचारता येईना.’’ अण्णांना डॉक्टरकडे नेलंय, गोळ्या चालू आहेत. काही दिवस चांगले जातात, काही जात नाहीत. चांगल्या दिवशी त्यांना आपण मुलीचे बाप आहोत हे पक्कं आठवतं आणि ते सव्विसावी चाल गाठायच्या मागे लागतात.

परवा मी कमठाण्यात होते. अकरा वाजता अण्णा खिडकीशी मोबाइल घेऊन बसले, मी शेजारी. दिवस चांगला होता. सव्विसाव्या चालीला त्यांनी वजीर नेमका मामंजींच्या वजिरापुढे नेऊन ठेवला. मामंजींनी तो खाल्ला नाही, एक प्यादं सरकवलं. अण्णांनीही समोरचा वजीर खाल्ला नाही, राजा हलवला. असं सात-आठ चाली चाललं. दोन वजीर समोरासमोर उभे आणि दोन म्हातारे आपापले राजे इकडून तिकडे, तिकडून इकडे करत बसलेले. ‘‘खायनात बघ,’’ अण्णा मला म्हणाले, ‘‘आज काय झालंय इवाईंना?’’ शेवटी यंत्रच कंटाळलं आणि त्यानं बरोबरी जाहीर केली.

चारला फोन आला. अण्णांनी सवयीनं तो कानापासून लांब धरला, पण मामंजी हळू बोलत होते, म्हणून त्यांना तो जवळ आणावा लागला. मला शेजारी ऐकू येत होतं. ‘‘इवाई, आज राजा चारदा एकाच घरात कामून आनला?’’ अण्णा माझ्याकडे बघायला लागले. आपण कशासाठी काय केलं होतं, हे सकाळचं सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून पुसलं गेलेलं मला दिसलं. ‘‘ध्यानात न्हाई राहिलं हो,’’ ते म्हणाले, आणि लहान मुलासारखे ओशाळले.

‘‘राहू द्या,’’ तिकडून आवाज आला. ‘‘ध्यानात ठिवायचं काम माजं. तुमी नुस्तं खेळायला या.’’